खंडेनवमीला पुजलेली काच

मी चौथीसुद्धा पुरी केली न्हाई, पण माझी नात काय करत होती ते मला समजतं. ज्याला समजत न्हाई त्यानं येऊन मला विचारावं.

लांबच्या एका प्रयोगशाळेत ती नखाएवढ्या काचेवर काळा थर बसवायची. तो लई गार केला की त्यातनं वीज जराही वाया न जाता वाहते. पण त्यात चुंबकाचे भोवरे शिरतात, डोळ्यांना न दिसणारे. ते सरकले की वीज वाया. म्हणून थरात मुद्दाम बारीक खोट ठेवायची. भोवरा तिथं अडकून बसतो.

"म्हंजी मेंढराला खुंट," म्या म्हटलं.

"व्हय, आबा. पण खुंट किती आणि कुठं ठोकायचे, तिथंच सगळे थकलेत."

नवरात्रात ती आली ती दुसऱ्या शहराला जायच्या वाटेवर. तिथल्या यंत्राची सुई एकेक भोवरा दाखवते. इतक्या वर्षांत तिची एकच काच जमली होती, ती डबीत होती. सुईखाली भोवरे जागेवर दिसले की तिचं शिक्षण पुरं. यंत्रावर पाळी एकदाच मिळणार होती.

मला बघायचंच होतं. गाई भरवणाऱ्या माणसाकडं वीर्य ठेवायचा थंडगार नायट्रोजन असतो, तो थोडा मागून आणला. नातीनं काच त्यात बुडवून चुंबकावर धरली. काच अधांतरी थांबली. चुंबक पालथा केला, तरी पडली न्हाई.

"आबा, माझ्या नायट्रोजननं आजवर गाईच गाभण राहिल्या," तो माणूस म्हणाला, "काच तरंगलेली पहिल्यांदाच बघतोय."

खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजायची आमची रीत. लोकरीची कातर, विळे, कुऱ्हाड. नात त्या दिवशी तुळजापूरला गेलेली. सून म्हणाली, "लेकीचं हत्यार तेवढं कसं वगळायचं?" तिनं डबी उघडली, काच पाण्यानं धुतली आणि ओल्या हळदीकुंकवात रात्रभर ठेवली. मी तिथंच बसलेलो. मला बरंच वाटलं.

सकाळी नातीनं काच उचलून उजेडात धरली.

"आबा, ह्या थराला पाणी चालत न्हाई."

"वाळव की उन्हात."

नायट्रोजन पुन्हा आणला. काच चुंबकावर पडली ती पडलीच, फुटक्या खापरीवाणी.

"दुसरी बनव."

"कशी बनवू? माझी मुदत संपली. प्रयोगशाळेत माझ्या जागी आता दुसरं कुणी बसलंय."

"मी बोलतो तुझ्या सरांशी."

"काय बोलणार?"

मी डबीतली हळद धोतरानं पुसायला लागलो.

"आईला कळू देऊ नका," एवढंच ती म्हणाली.

पाळीच्या दिवशी ती गेली न्हाई. आता कळंबच्या शाळेत शिकवते, एसटीनं जाऊन येऊन. सून शेजारणींना सांगते, "मी पूजा केली, म्हणून देवीनं लेक घरापाशी आणली." नात मान डोलावते आणि डबा पिशवीत घालते.