अर्धी आधी, अर्धी नंतर

आमची पलटण वर जाणार असा हुकूम थंडीच्या सुरुवातीला आला. वर म्हणजे बर्फातल्या पोस्टवर. जाण्याआधी ज्यांची सुट्टी शिल्लक होती त्यांना आळीपाळीने महिनाभर घरी सोडलं. मी तेव्हा हवालदार होतो. गाव कासू, तालुका पेण. माझ्याबरोबर सुट्टी मिळाली ती हवालदार अनंत शिर्केला. तो रोह्याचा. भरतीच्या रांगेत तो माझ्यापुढे उभा होता, आणि तेव्हापासून पुढेच राहिला. धावण्यात, फायरिंगमध्ये आणि भांडणातही.

हल्ली मी सकाळी पेणच्या मैदानावर फिरायला जातो. तिथली मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. सीमेवर भीती वाटायची का? आणि व्यायाम उपाशीपोटी करावा की खाऊन? दुसऱ्या प्रश्नावर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये वेगळं उत्तर असतं आणि ते मला वाचून दाखवण्याची हौसही असते. माझ्याकडे दोन्ही प्रश्नांना मिळून एकच हकिकत आहे. ती उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो आहे.

शिर्केचं आणि माझं भांडण त्या दुसऱ्या प्रश्नाचंच होतं. फौजेत पहाटे लंगरवर, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, मगभर चहा मिळतो, मग पीटी, आणि नाश्ता त्यानंतर. शिर्के तो चहासुद्धा घेत नसे. "पोट रिकामं असलं की माणूस हलका पळतो. वाघ काय जेवून शिकारीला जातो?" असं म्हणायचा. मी आगऱ्याच्या घरातला. आमच्यात आधी पोटोबा, मग विठोबा. रात्रीची पोळी चहात बुडवून खाल्ल्याशिवाय माझ्या बुटाची नाडी बांधली जात नसे. तो मला लंगर कमांडर म्हणायचा, मी त्याला उपासाचे बुवा.

आमच्या भांडणात पंच होता नाईक महादू गोरे. खटावकडचा, काळा, कमी बोलणारा, शिर्केच्याच सेक्शनमधला. तो रात्रीच्या जेवणातली एक पुरी ठेवून द्यायचा. पहाटे तिचे दोन तुकडे करायचा. एक खायचा, दुसरा कागदात गुंडाळून खिशात टाकायचा.

"अर्धी आधी, अर्धी नंतर," तो म्हणायचा. "माघारी यायला काय तरी कारण पायजे की."

आम्ही दोघेही त्याला हसायचो.

सुट्टीतसुद्धा शिर्केने पीटी सोडली नाही. सकाळच्या गाडीने रोह्याहून कासूला उतरायचा आणि आम्ही खाडीच्या बांधावरून धावायचो. खारं पाणी आत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा लांब बांध. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. पार टोकाला उघाडी आहे, म्हणजे पाणी सोडायचा दरवाजा. तिथवर जायचं आणि परत फिरायचं. त्या महिन्यात शिर्के वाळला होता आणि सारखा पाणी प्यायचा. मी म्हटलं, "अंत्या, तब्येतीकडे बघ." तो म्हणाला, "वर जायचंय. चरबी उतरवतोय." मला ते पटलं.

माघातली पौर्णिमा होती. त्या सकाळी हिराबायच्या मिठागरात हंगामातलं पहिलं मीठ ओढायचं, म्हणजे वाफ्यातून गोळा करायचं होतं. बांधाच्या सुरुवातीला शेंदूर फासलेला एक दगड आहे. पहिलं मीठ ओढायच्या दिवशी त्याला गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य असतो. आम्ही पोहोचलो तेव्हा हिराबाय पानावर गुळाचा खडा आणि खोबऱ्याचे तुकडे मांडत होती. ती मला लहानपणापासून ओळखणारी.

"परसाद घ्या रं पोरांनो," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. शिर्केने नुसते जोडले. "आल्यावर घेतो काकी. पळायच्या आधी मी काय खात नाय."

"देवाला नाय म्हनतंस?"

"देवाला नाय गो काकी, पोटाला."

हिराबाय हसली. "परत येशील तवा मुंग्या ठेवतील तर खा."

आम्ही निघालो. जाताना सगळं ठीक होतं. तो नेहमीप्रमाणे माझ्यापुढे होता आणि मागे वळून मला लंगर कमांडर म्हणून चिडवतही होता. उघाडीच्या थोडं अलीकडे त्याची पावलं वाकडी पडू लागली. मला वाटलं, थट्टा करतोय. मग तो थांबला. थंडीचा वारा होता, तरी बनियन पिळून काढावा इतका घाम. हात थरथरत होते.

"सेक्शन, दायें मुड़," तो मोठ्याने म्हणाला.

बांधावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"अंत्या?"

"पोझिशन लो! बोलना मत!" आणि तो खाडीच्या बाजूने खाली उतरू लागला.

मी त्याचा दंड धरला. त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझ्याकडे पाहत होता, पण ओळखत नव्हता. पंधरा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस मला शत्रू समजत होता. तेव्हा मी घाबरलो. गोळीबार मी पाहिलेला आहे. तिथे भीती कुठून येते ते कळतं, आणि तिकडे बंदूक रोखता येते. इथे स्वच्छ ऊन होतं, बगळे चरत होते आणि समोर शिर्के वेडा झाला होता.

दोन पावलांवर तो चिखलात कोसळला. मी त्याला काखेत हात घालून बांधावर ओढून आणलं. आम्हा मिठागराकडच्या लोकांना घामाने माणूस पडला की एकच औषध माहीत. मीठ गेलं असेल, मीठ द्या. मी आतल्या बाजूने खाली उतरलो, मिठाचा खडा आणला आणि त्याच्या ओठांना लावला. त्याने तोंड फिरवलं आणि थुंकला. क्षणभर डोळे जागेवर आले.

"मीठ नको. साखर." जीभ जड झाली होती. "शुगर हाय मला. सकाळी गोळी घेतली. साखर दे."

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो वाळलेला, पाणी पिणारा. वर जाण्याआधी मेडिकल होणार होतं. रक्तात साखर सापडली तर तो खाली राहणार. म्हणून बाहेरच्या डॉक्टरकडून चोरून गोळ्या, आणि त्यात उपाशीपोटी धावणं. त्याची जुनी खोड सगळ्यांना माहीत, त्यामुळे संशय कुणाला येणार? फर्स्ट एडच्या क्लासमध्ये शिकवलेलं मला आठवलं. गोळी घेऊन उपाशी राहिलेला माणूस मेहनत करतो, तेव्हा साखर एकदम उतरते. आधी बरळतो, मग बेशुद्ध होतो, मग हातचा जातो.

मी उभा राहून पाहिलं. डोळे दिपतील इतकं पांढरं. वाफ्यावाफ्यात पांढरं, कडेला बाजूच्या मिठागरांच्या पांढऱ्या राशी. आणि ते सगळं मीठ. चिमूटभर साखर नव्हती. माझी पाचावर धारण बसली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मोबाईल घरी होता. माणूस होता तो हिराबायच्या खोपटीपाशी, बांधाच्या दुसऱ्या टोकाला. शिर्केला खांद्यावर घेतला तर वेळ लागणार. ठेवून गेलो तर तो उठून खाडीत जाणार. आणि पौर्णिमेचं उधाण चढत होतं. मघाशी तो जिथे पडला होता तो चिखल आता पाण्याखाली गेला होता. मी माझा टी-शर्ट काढला, त्याला ओढत पुढे नेऊन त्याचं मनगट उघाडीच्या लोखंडी खांबाला बांधलं, त्याला कुशीवर वळवलं. तो ओरडला, "म्हात्रे, बांधतोस काय मला? म्हात्रे!" नेमकं तेव्हाच त्याने मला ओळखलं. मी पाठ फिरवली आणि पळालो.

आयुष्यात एवढ्या टेस्ट दिल्या, रायफल घेऊन, पाठीवर वजन घेऊन. तसा मी पुन्हा कधी पळालो नाही. मागून तो हाका मारत होता. त्या हाका ऐकू येत होत्या तोवर बरं होतं. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माघारी फिरलो असतो.

"काय झाला रं?" हिराबाय ओरडली.

"साखर! काकी, साखर!"

"साखर कुठली? कोरा चाय होता तो कवाच संपला."

मी दगडाकडे वळलो. पानावर गूळ तसाच होता, मुंग्यांनी काळा झालेला. मी हात घातला आणि थबकलो. नैवेद्य होता. हिराबायने माझा चेहरा पाहिला.

"घे, घे! देव काय तुला नाय म्हनतोय? पळ! मी घरवाल्याला फोन लावतंय, गाडी घेऊन येल तो."

परत पोहोचलो तेव्हा शिर्के निपचित पडला होता. पाणी बांधाच्या निम्म्यावर होतं. मनगटाला वळ उठले होते. श्वास होता, पण घरघरत होता. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नसतं, एवढं भान राहिलं. गूळ बोटांनी चुरला, थुंकीत कालवला आणि त्याच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळत राहिलो. मुंग्या माझ्या हाताला चावत होत्या. मी त्याला शिव्या दिल्या. देवाला नवस बोललो. पुन्हा शिव्या दिल्या. त्याच्या बायकोला रोह्यात जाऊन काय सांगायचं ते वाक्य जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्याची जीभ हलली. त्याने गूळ चाटला.

आणखी थोड्या वेळाने तो म्हणाला, "माझा हात कुणी बांधलाय?"

मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

हिराबायचा नवरा बांधावरून मोटरसायकल घेऊन आला. पेणच्या दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळी शिर्के उशीला टेकून बसला आणि माझा हात धरला.

"शपथ घे. पलटणीत बोलायचं नाय. या टर्मला वर नाय गेलो तर माझी सुभेदारी गेली. आणि पोरं काय म्हणतील? बर्फाला घाबरला?"

"वर तुझ्यासाठी दगडावर गूळ कोण ठेवणार?" मी विचारलं.

"म्हात्रे, शपथ घे."

मी घेतली नाही. पलटणीत परतल्यावर पहिल्याच दिवशी आरएमओ साहेबांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, सगळं सांगितलं. शिर्केची मेडिकल कॅटेगरी उतरली. त्याला खाली, रसद पाठवणाऱ्या कॅम्पात ठेवलं. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. त्याच्या सेक्शनची कमांड त्याच्यानंतरच्या सीनियरकडे गेली. तो होता नाईक महादू गोरे.

गोरे निघाला तेव्हा शिर्के त्याला भेटायलाही आला नाही. गोरे मला म्हणाला, "त्यांना म्हणावं, जागा राखून ठेवतो. बरं झाल्यावर या."

महिन्याभरात ते झालं. मी बेसला रेडिओ सेटवर होतो. सकाळची वेळ, आकाश साफ. गोरे तिघांना घेऊन लिंक पेट्रोलवर, म्हणजे दोन पोस्टमधल्या गस्तीवर, निघाला होता.

"अल्फा, अल्फा, मैं चार्ली। लिंक पेट्रोल पर बर्फ गिरा है। तीन जवान सही-सलामत। एक नहीं मिल रहा। ओव्हर।"

"चार्ली, नाम बताओ। ओव्हर।"

मला नाव आधीच कळलं होतं. तरी ते येईपर्यंत मी सेट दोन्ही हातांनी धरून होतो.

शिर्केला फोन मीच करायचा होता. त्या फोनची मला जेवढी भीती वाटली तेवढी उघाडीवरही वाटली नव्हती. मी सांगितलं. त्याने कुठे, किती वाजता, एवढं विचारून घेतलं. मग म्हणाला, "माझी जागा होती ती." मी म्हटलं, "हो." खोटं बोलून त्याचं समाधान करणं मला जमलं नाही. आजही तशीच वेळ आली तर मी आरएमओ साहेबांना तेच सांगेन. आणि आजही माझी झोप मोडते.

गोरे चौथ्या दिवशी सापडला. अंगावरचं सामान काढताना सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. कोटाच्या आतल्या खिशात कागदाची पुडी होती. आत अर्धी पुरी, दगडासारखी गोठलेली.

मी आणि शिर्के, दोघेही आता निवृत्त. ते मिठागर बंद पडलं, हिराबायही गेली. दगड मात्र आहे. माघी पौर्णिमेला शिर्के रोह्याहून गाडीने कासूला येतो. दगडापाशी खिशातून गुळाचा खडा काढतो आणि फोडतो. अर्धा माझ्यासमोर खातो, अर्धा कागदात गुंडाळून खिशात टाकतो. आता धावणं होत नाही. आम्ही उघाडीपर्यंत चालत जातो, लोखंडी खांबाला हात लावतो आणि परत फिरतो.

परत आल्यावर शिर्के ती पुडी काढतो. उलगडतो. खात नाही. दगडावर ठेवतो.

"गोरे," तो म्हणतो, "आलो रे माघारी."