पंत आणि पंतय

चर्चमध्ये दर रविवारी सगळ्यांबरोबर विश्वासाची कबुली म्हणताना लहानपणी मी त्यातल्या 'पंतय पिलात'ला बेधडक 'पंत पिलात' म्हणायचे. शनिवार पेठेत वाढलेलं पोर मी! येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम सोडणारा हा पेशव्यांचा कुणी कारभारी असणार आणि निवाडा शनिवारवाड्यातच झाला असणार, अशी माझी खात्रीच होती. "पंत नाही गं, पंतय! रोमी सुभेदार होता तो," असं म्हणत आई चिमटा काढायची.

पुढे हिंजवडीच्या कंपनीत लागल्यावर हा किस्सा मी माझ्या टीम लीडला सांगितला. नारायण पेठेतला, माझ्याच वयाचा. आम्ही डबा रोज एकत्र खायचो. तो पोट धरधरून हसला, आणि त्या दिवसापासून मी त्याला 'पंत'च म्हणायला लागले.

एका शनिवारी अमेरिकेतल्या क्लायंटचा डेटा उडाला. "जुना प्रोग्राम नको चालवायला," असं मी आदल्या दिवशी म्हटलं होतं. "चालव गं, मी आहे ना!" हे पंतांचं उत्तर. तोंडीच, लेखी काही नाही. सोमवारी क्लायंट फोनवर नुसता पेटला होता. कुणी केलं ते सांगा आणि त्याला काढा, एवढंच त्याचं म्हणणं. मी समोरच बसले होते. पंतांनी माझं नाव सांगितलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये मला म्हणतो, "तुझी चूक नव्हती, मला माहितेय. पण माझ्या हातात काही नव्हतं गं." वर डब्यातली अळूवडी पुढे केली! वा रे वा! अरे मेल्या, माहीत नसतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. माहीत असून केलंस? नोकरी गेलीच, शिवाय नावाला बट्टा लागला. पण मला रडू आलं ते त्या 'मी आहे ना'चं.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "येशूला पकडून दिलं यहूदानं, त्याच्याच शिष्यानं. पण कबुलीत त्याचं नावसुद्धा नाही बघ. नाव आहे ते, येशू निर्दोष आहे हे कळूनही हुकूम देणाऱ्याचं."

त्या रविवारी कबुलीत ते नाव आलं. मी मुद्दाम, खणखणीत 'पंत' म्हटलं. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. मी चिमट्याची वाट पाहिली.

आईनं काढला नाही.