संगमरवराला टाकी

आमच्या घरात गुळगुळीत दगडाला मान नव्हता. वडील मोरिवलीजवळच्या खाणीतल्या काळ्या दगडाचे पाटे-वरवंटे घडवायचे आणि आई टोपलीत छिन्नी-हातोडी टाकून "टाकी लावायची का, टाकी" असं ओरडत अंबरनाथभर फिरायची. पाटा वापरून झिजला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग आई छिन्नीने बारीक टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करायची. वर घरच्या बाईला दोन शब्द ऐकवायची, की दगडाची इतकी आबाळ बरी नाही.

अशा घरातून मी उल्हासनगरच्या एका सिंधी शेटकडे संगमरवराच्या कामाला जायचं ठरवलं. शेट फाळणीनंतर कराचीहून आलेला, छावणीच्या बराकीत त्याने नवं दुकान थाटलं होतं. वडील म्हणाले, "पांढरा दगड म्हणजे साबण. त्यात काय घडवायचं?" खरं सांगायचं तर मला खाणीतल्या उन्हाचा वीट आला होता आणि शेटच्या दुकानाला छप्पर होतं.

शेट म्हणाला, "पहले काम दाखव. पसंत पडला तर पक्की नोकरी, नाही तर रामराम." काम म्हणजे एका मिठाईवाल्याच्या दुकानासाठीची लादी. बराकीत जागा नव्हती म्हणून ती बैलगाडीतून आमच्या अंगणात आली. आठ दिवस मी ती घासली. आधी जाड वाळू, मग बारीक, मग विटेची भुकटी, शेवटी ओला फडका. माशी बसली तरी घसरावी अशी झाली. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. नवव्या दिवशी सकाळीच शेटला आणायला गेलो.

परत आलो तर आई हात झटकत लादीजवळून उठत होती. लादीला या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकी लावलेली. ओळीने, सारख्या अंतराने, एकही टोचा चुकलेला नाही.

तिचं तरी काय चुकलं? पाटा आधी घासून सपाट करायचा आणि मग त्याला टाकी लावायची, ही आमच्याकडची रीत. आठ दिवस मी घासतोय हे ती बघत होती. आज गिऱ्हाईक येणार आणि पोराचं टाकी लावायचं राहूनच गेलं, असं तिला वाटलं.

"तुला येळ नाय भेटला, म्हनून मीच उरकलं," ती म्हणाली. मग शेटकडे वळली. "न्या आता. कसली बी मिरची वाटा."

शेट उकिडवा बसला. लादीवरून त्याने हळूच हात फिरवला. "माई," तो म्हणाला, "इस पे तो बर्फी थापायची होती."

आईने तोंडाला पदर लावला. नोकरी गेली हे मला कळलं आणि चोवीस वर्षांचा घोडा मी, शेटसमोर ढसाढसा रडलो. बहुतेक त्यानेच शेट पाघळला. त्याने आणखी आठ दिवस दिले.

ते आठ दिवस आई फेरीला गेली नाही. माझ्यासमोर बसून स्वतःच मारलेले टोचे ओल्या वाळूने घासत राहिली आणि दर थोड्या वेळाने म्हणत राहिली, "चांगला दगड बिघडवतोय आपन." पहिल्या दिवशी मी तिच्याशी बोललोही नाही. तिसऱ्या दिवशी तिची सोललेली बोटं बघितली आणि मला माझीच लाज वाटली.

लादी पहिल्यापेक्षा पातळ झाली, पण पास झाली. शेटने मला पक्कं केलं आणि मेहनतीचे म्हणून आईच्या हातावरही पैसे ठेवायला गेला. आईने हात मागे घेतला.

"दगड बिघडवायचे पैसे मी घेत नाय," ती म्हणाली आणि टोपली उचलून फेरीला निघाली.

मी ते पुढे तीस वर्षं घेतले.