टाकीच्या पाण्यात धुतलेली काकडी

उन्हाळ्यात, जेवायला बसण्याच्या जेमतेम अर्धा तास आधी चिरलेल्या भाज्यासुद्धा ताटात येईपर्यंत मऊ का पडतात, हा प्रश्न गेल्या वैशाखात मी स्वतःला घातला. प्रश्न क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. परंतु आमच्या घरात त्याच्या उत्तरावर एक गोष्ट अवलंबून होती.

माझ्या यजमानांच्या रक्तातली साखर वाढली होती. तळोद्यातल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितले की, रोज दुपारी जेवणाआधी मोठी वाटीभर कच्च्या भाज्या खायच्या आणि भाकऱ्या तीनवरून दीडवर आणायच्या. महिन्याने तपासणीत फरक दिसला नाही, तर इन्सुलिनची सुई. यजमान सुईला फार भितात, आणि भीत नसल्याचा आव त्याहून अधिक आणतात.

पहिल्या दिवशी त्यांनी काकडीची चकती दोन बोटांत धरून उचलली. ती ओल्या कागदासारखी वाकली. वाटीच्या तळाशी पाणी साचले होते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "हाई खावानं शे का पेवानं?"

वाटी बाजूला सरकवून त्यांनी शेवभाजीबरोबर तिन्ही भाकऱ्या संपवल्या. पुढचे आठ दिवस हेच चालले.

मी मोबाइलवर उपाय शोधले. तिथे पांढरेशुभ्र स्वयंपाकघर, पांढरेशुभ्र दात आणि ब्रोकोली. वैशाखात तळोद्याच्या बाजारात दुपारी पालेभाजीची काय दशा होते, हे त्या व्हिडिओतल्या हसऱ्या बाईने कधी पाहिलेले नसावे. लग्नाच्या पंगतीतल्या सॅलडविषयी तर बोलूच नये. तिथे काकडीचे हंस आणि टोमॅटोचे गुलाब करून मांडतात, आणि माश्यांशिवाय त्यांना कोणी स्पर्श करीत नाही. ज्याला चिरता येते पण खाऊ घालता येत नाही, त्याने कोरीवकाम करावे.

अशा वेळी सुरतेहून माझी नणंद आली. तिने बरोबर ऑलिव्ह तेलाची बाटली आणली होती आणि ती एखाद्या औषधासारखी ओट्यावर ठेवली.

"वहिनी, तुम्ही आजूनबी शेंगदाणानं कूट टाकतस का?" तिने विचारले. जणू मी चुलीत ओली लाकडे घालत होते.

माझी पद्धत अशी होती: सकाळी आणलेल्या भाज्या साडेबाराला चिरायच्या, मग पातेल्यात नळाचे पाणी घेऊन, त्यात मूठभर मीठ घालून फोडी पंधरा मिनिटे बुडवून ठेवायच्या. फवारणीचे औषध निघून जावे, हा हेतू. या पद्धतीचा मला अभिमान होता.

त्या दुपारी नणंदेने काम हाती घेतले. तिने नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला.

"अगं माय! वहिनी, हाऊ नळ शे का गिझर?"

तिने मला न विचारता पिण्याच्या पाण्याचा माठ कलता केला आणि चिरलेली काकडी, कांदा, कोबी त्याच पाण्यात टाकले. घरातले गार पाणी संपवणाऱ्या माणसाविषयी वैशाखात जे वाटते, तेच मला वाटले.

"मीठ घाला त्यात," मी म्हणाले.

"वहिनी, तुमनी शाळा सुटी गयी आते," ती म्हणाली, आणि मीठ न घालताच फोडी निथळून तिने त्यांवर आपले तेल ओतले.

यजमानांनी पहिला घास घेतला आणि करकर असा आवाज मला समोरच्या पाटावर ऐकू आला. त्यांनी वाटी संपवली. "आजून शे का?" त्यांनी विचारले. दुसऱ्या भाकरीला हात लावला, तो अर्धी मोडून थांबले.

"देखा, मन्हा तेलनी कमाल!" नणंद म्हणाली.

कारण न तपासता श्रेय घेणारी मुले मी आयुष्यभर शिकवली. दुसऱ्या दिवशी मी एकच काकडी चिरून चार वाट्यांत वाटली. एकीत नळाचे पाणी व मीठ. दुसरीत नुसते नळाचे पाणी. तिसरीत माठाचे पाणी व मीठ. चौथीत नुसते माठाचे पाणी. पंधरा मिनिटांनी निथळून चारही वाट्यांत नणंदेचे तेल सारखेच घातले. पहिलीतली चकती वाकली. दुसरीतली आणि तिसरीतली निम्मीशिम्मी नरमली. चौथीतली मोडली, आणि मोडताना आवाज झाला. तेलाचा संबंध नव्हता.

आता जे सांगायचे, त्याने माझी मान खाली जाते. गच्चीवरची काळी टाकी दुपारी तापते, म्हणून आंघोळीची बादली पहाटेच भरून ठेवायची, हे आमच्या गल्लीतले शेंबडे पोरही जाणते. मीही रोज भरते. आणि खारट पाण्यात बटाट्याची फोड का मऊ पडते, म्हणजे मीठ फोडीतले पाणी बाहेर कसे ओढते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. उत्तर चुकल्यास अर्धा गुणही दिला नाही. त्याच बाईने घरी येऊन चिरलेली काकडी तापलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवली आणि दोष बाजाराला दिला. त्या बाईविषयी मला अजूनही आदर वाटत नाही.

त्यानंतर भाज्या अख्ख्या असतानाच, पहाटे भरलेल्या पाण्यात चोळून धुतल्या. चिरल्यावर पंधरा मिनिटे माठाच्या साध्या पाण्यात ठेवून फडक्यावर कोरड्या केल्या. लिंबू आणि कूट आधी. मीठ मात्र ताटात वाढल्यावर, आणि तेही चिमूटभर. पिण्यासाठी दुसरा माठ भरून ठेवू लागले. यजमान रोज वाटी संपवू लागले आणि भाकरी दीडवर टिकली.

महिन्याने डॉक्टरांनी अहवाल पाहून सांगितले की, तूर्त सुईची गरज नाही, गोळ्या पुरेत. यजमानांनी तिथेच त्यांना बहिणीच्या तेलाची महती सांगायला सुरुवात केली. मी पर्स उचलून बाहेर येऊन उभी राहिले.

वाचकांना विनंती एवढीच, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये. एक काकडी घ्या, चार वाट्या मांडा, पंधरा मिनिटे थांबा आणि स्वतः चावून पाहा.