सोपेकाकांची घळ

सोपेकाकांचं खरं आडनाव नेदरलँड्समधल्या आमच्या रायस्वाइक गावातल्या निम्म्या मराठी मंडळींना ठाऊक नव्हतं. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या मते सोपी होती. डच भाषेची परीक्षा? "सोपं आहे गं." इंडक्शनवर पुरणपोळी? "त्यात काय, सोपं आहे." मी इथे नवीन असताना त्यांच्या भरवशावर सायकलने समुद्रावर गेले. "जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. सोपं आहे," असं ते म्हणाले होते. वारा येतानाही तोंडावरच होता. मी रडकुंडीला येऊन परतले, तर हे दारात चहा घेऊन उभे. "बघ, आलीस की नाही?"

आमची घरं चौथ्या मजल्यावरच्या एकाच लांबलचक उघड्या गॅलरीत. काका सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून माणूस इतका आशावादी कसा राहिला, देव जाणे. शनिवारी ते काकूंना आणि मला चालायला बाहेर काढत, आणि चालताना हटकून एकच विषय निघे: जॉर्डनच्या वाळवंटातली एक घळ. दोन्हीकडे तांबड्या खडकाच्या उंच भिंती आणि मधून पायवाट. वेबसाइटवर त्या वाटेपुढे 'सोपी' असं लिहिलं होतं, त्यामुळे तर काकांना ती आपल्या घरचीच वाटायची. आम्ही तिकिटंही काढली. मग लॉकडाउन लागला, विमानं बंद झाली आणि त्याच हिवाळ्यात काकांना कोरोनाने गाठलं.

कित्येक आठवडे ते आयसीयूत होते. काकू फोन हातात धरून गॅलरीत बसायच्या, मी अंतर राखून शेजारी खुर्ची टाकायचे. काका घरी आले ते व्हीलचेअरवर. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणंही त्यांना जमेना. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी सोपं म्हणणं सोडलं. "होईल हो हळूहळू," मी म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुला काय जातंय बोलायला." हा माणूस आता उठत नाही, अशी मला त्या दिवशी खरीच भीती वाटली.

त्यांना उठवलं ते पलीकडच्या डच आजींनी. त्यांनी स्वतःचा चाकांचा वॉकर आणून दारात ठेवला. "रुस्तिख आन, बुरमन," त्या म्हणाल्या. म्हणजे सावकाश हं, शेजारीबुवा. म्हाताऱ्या बाईपुढे नाही कसं म्हणायचं म्हणून काका उठले. मागून काकू खुर्ची घेऊन. पहिल्या दिवशी आजींच्या दारापर्यंत जाऊन आले आणि घामाघूम होऊन म्हणाले, "एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. अगं, ही आपली घळच की!" मग आजींचं दार हे घळीचं तोंड झालं आणि लिफ्ट हा शेवट. पाऊस असो, वारा असो, काका रोज घळीत. उन्हाळ्यात वॉकर आजींना साभार परत गेला आणि निर्बंध उठल्यावर काकूंनी कुणालाही न विचारता पुन्हा तिकिटं काढली.

जॉर्डनला घळीत शिरलो तेव्हा वाट अलगद उतरत होती. काका पुढे, आम्ही दोघी मागे. खालच्या मोकळ्या जागेत काकूंनी खडकाच्या सावलीत थालीपिठं काढली, आणि दुसरा घास घेताना माझी ट्यूब पेटली. उतरलेलं सगळं आता चढायचं होतं. नेदरलँड्समध्ये इतकी वर्षं काढून चढ नावाचा प्रकारच आम्ही विसरून गेलो होतो. रायस्वाइक सपाट आणि काकांची गॅलरीही सपाटच.

अर्ध्या वाटेवर काका भिंतीला टेकले. ओठ पांढरे पडले होते. एक गाढववाला लगेच पुढे आला. "सर, टॅक्सी?"

"बसा हो," काकू म्हणाल्या. "इथे कोणाला काय दाखवायचंय?"

"मला," काका म्हणाले.

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "मग चला. पण रुस्तिख आन."

ते निघाले. थोडं चालायचं, थांबायचं, श्वास जमवायचा, पुन्हा चालायचं. गाढववाला गिऱ्हाइकाच्या आशेने शेजारून चालत होता. ती आशा त्याने कुठे सोडली कळलं नाही, पण काका वर पोचले तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्याने वाजवल्या.

काका दगडावर बसले. आता ते काय म्हणणार हे आम्हाला पाठच होतं. काकू तर हसायच्या तयारीतच होत्या.

"मीनल," ते म्हणाले, "अवघड होतं गं." आणि उन्हात बसून, डोळे पुसत, ते मोठ्याने हसत सुटले. जिंकलेला माणूस मी इतक्या जवळून आधी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी ते दोघे पुण्याला परतले. त्यांच्या इथल्या घरात आता एक नवी मुलगी राहायला आली आहे. परवा तिने विचारलं, सायकलने समुद्रावर जाणं जमेल का? मी म्हटलं, "अवघड आहे. वारा दोन्ही वेळा तोंडावरच असतो. तू जाऊन ये."

आणि ती परतायच्या सुमाराला मी चहा टाकला.