कमानीला दिलेली तार

रोज सकाळी पंधरा मिनिटं मी दुसऱ्यांना 'मरू नका' म्हणून सांगतो आणि त्याचा मला पगार मिळतो. कारखान्यांच्या लोखंडी शेड उभ्या करणाऱ्या एका कंपनीत मी सेफ्टी सुपरवायझर आहे. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, क्रेनला काही लटकत असेल तर त्याच्याखालून जाऊ नका. माझा आवाज खणखणीत आहे आणि डोकंही पटकन तापतं. बेल्टाशिवाय कुणी शिडीला हात लावला की मी खालून त्याचा असा उद्धार करतो की माणूस निमूट उतरतो. भोरला आमच्या आळीत मला पोरंसोरं 'सेफ्टी' म्हणूनच ओळखतात, आणि मला ते आवडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेत पाठ केली होती. ती आपल्यासाठी आहे असं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

ज्या शेडबद्दल सांगतोय ती नसरापूरहून वरव्याकडे जाताना आत एका माळावर उभी राहत होती. तिथून माझी सासरवाडी हाकेच्या अंतरावर. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही.

उंचावर काम करणाऱ्याच्या अंगात पट्ट्यांचा बेल्ट असतो. बेल्टाला दोरी, दोरीच्या टोकाला हुक. हा हुक कशाला तरी अडकवायला हवा, म्हणून वर दोन खांबांच्या मध्ये पोलादी तार ताणून बांधतात. तिला आम्ही लाईफलाईन म्हणतो. पाय घसरला तरी माणूस त्या तारेला लोंबकळून राहतो, खाली येत नाही. तार नसेल तर बेल्ट अंगात असून नसल्यासारखा. आमच्या साईटवर अशा दोन तारा होत्या, एक शेडच्या पुढच्या बाजूला आणि एक मागच्या.

वरच्या कामाचा आमचा सगळ्यात जाणता फिटर गुंजवण्याचा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो; तो मला साहेब म्हणायचा. भातलावणीला चार दिवस सुट्टी घेणार, बाकी वर्षभर लोखंडावर. हुक अडकवल्याशिवाय तो दुसरा पाय उचलत नसे. नव्या माणसांना मी तासभर ओरडून जे कळायचं नाही, ते त्याच्यामागे एकदा वर चढलं की कळायचं. कंपनीनं नव्या फिटरांना शिकवायला एक आवार करायचं ठरवलं होतं, आणि तिथं शिकवायला कुणाला घ्यायचं याची चर्चा निघाली तेव्हा पहिलं नाव त्याचंच होतं. वयाप्रमाणे गुडघे कुरकुरायला लागले होते त्याचे. जमिनीवरचं, मानाचं काम मिळणार म्हणून तो खूश होता. दोनदा मला विचारून झालं होतं, "सायेब, ते शिकवायचं कधी सुरू व्हनार?"

चैत्रात सासरवाडीची यात्रा. यात्रेच्या आदल्या दिवशी सासऱ्यांचे चुलतभाऊ, मेहुणा आणि आणखी दोघं साईटवर आले. वेशीत पाइपांची उंच कमान उभी केली होती, वर देवाचा मोठा फ्लेक्स, लाईटच्या माळा. "जावईबापू, वारं सुटलं की लई हालतीया. तुमच्याकडं ती पोलादी तार हाय न्हवं? दोन दिसांसाठी द्या की."

मी मागच्या तारेकडे बघितलं. तेवढ्यात मेहुणा बाकीच्यांना म्हणाला, "दाजींनी नुसतं बोट दाखवलं तरी क्रेन थांबतीया हितं."

झालं! चढलो की नाही हरभऱ्याच्या झाडावर! मागच्या बाजूला दोन दिवस काम नव्हतं, हे माझं गणित. मागची तार सोडवली आणि स्वतः टेम्पोत टाकून दिली. साधा ट्रकचा दोर दिला असता तरी त्यांचं भागलं असतं. पण जावई, तोही साईटचा मोठा साहेब, त्यानं साधा दोर कसा द्यायचा? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यात्रेत मला स्टेजवर बोलावून फेटा बांधला, नारळ दिला. बायको खाली बायकांत बसली होती, तिची मान ताठ झालेली मला दिसत होती. काय सांगू, मला फार बरं वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कुस्त्यांच्या दिवशी, सकाळीच पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. पत्र्यांचा ट्रक एक दिवस आधीच येतोय, मागच्या बाजूचं राहिलेलं काम दुपारपर्यंत उरका. राहिलेलं काम म्हणजे छताच्या चार आडव्या लोखंडी पट्ट्या बसवायच्या होत्या. दादा वर बघून आला आणि म्हणाला, "सायेब, मागची तार कुठं गेली?"

"यात्रेला दिलीय. उद्या येईल."

"मग उद्या करू की. तारेबिगर कसं चढायचं?"

त्याचं बरोबर होतं. पुढची तार सोडून मागे बांधायची तर दोन तास मोडले असते. सासरवाडीला टेम्पो पाठवायचा तर ऐन कुस्त्यांच्या गर्दीत, काल फेटा बांधलेल्या जावयानं आज कमान उतरवायला लावायची! माझ्यानं ते झालं नसतं. ऑफिसला फोन करून तार नाही असं सांगायचं तर ती कुठं गेली हेही सांगावं लागलं असतं.

"दादा, चारच तर पट्ट्या आहेत. जपून करा. मी इथं खाली उभा आहे ना."

खाली उभा आहे म्हणे! खाली उभा राहून काय झेलणार होतो मी? पण तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुमी म्हनता तर चढतो." आमच्याकडे रोज काम सुरू होण्याआधी बेल्ट घातलेल्या माणसांचा फोटो ऑफिसला पाठवतात आणि एक कागद भरतात. मी फोटो काढला. कागदावर 'लाईफलाईन बांधली आहे' या ओळीपुढे बरोबरची खूण केली, सही ठोकली.

तिसऱ्या पट्टीच्या वेळी भोक जुळेना. तो पाना घेऊन पुढे वाकला, पट्टी सटकली आणि तिच्याबरोबर तो आला. मुरमाच्या ढिगावर पडला म्हणून वाचला. मी धावत गेलो. उजवा पाय मांडीपासून भलतीकडे वळलेला, तोंड पांढरंफटक, आणि पहिला शब्द काय काढावा त्यानं? "पाना कुनाच्या अंगावर न्हाई ना पडला?"

त्याला दवाखान्यात रवाना केलं आणि मी टेम्पोवाल्याला सासरवाडीला पिटाळलं. फोनवर मेहुण्याला म्हटलं, कमान पडली तर पडू दे, तार आत्ताच्या आत्ता सोड. एका शब्दानं कुणी आडवं आलं नाही. सकाळी जी तार मागायला माझी जीभ रेटत नव्हती, ती अर्ध्या तासात साईटवर आली. मी ती मागच्या खांबांना बांधून घेतली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी पुण्याहून चौकशीला साहेब येणार होते. दादाची बायको औषधं आणायला खाली गेली होती. ती संधी साधून मी खाटेजवळ बसलो आणि म्हणालो, "दादा, तार नव्हती असं सांगू नका. हुक लावायचा राहिला म्हणा. दवाखान्याचं सगळं कंपनी करते, ते मी बघतो. पण तारेचं निघालं तर माझी नोकरी जाईल."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं बोललो. मांडीचं हाड मोडून पडलेल्या माणसापुढे.

त्यानं विचारलं, "तार आनली का परत?"

"आणली. बांधली."

"मंग बरं झालं. बाकीच्यांना लागंल." एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारल्यावर त्यानं मी सांगितलं तसंच सांगितलं. मी माझ्याकडचा फोटो आणि परत बांधलेली तार दाखवली: बेल्ट अंगात आहे, तार जाग्यावर आहे, माणूस विसरला. चोर सोडून संन्याशाला फाशी. फरक इतकाच की इथं संन्याशानं मान स्वतःहून पुढे केली होती.

दवाखान्याचं कंपनीनं केलं. मांडीत सळई बसली, काठी आली. पण अहवालात 'नियम मोडला' असं नोंदलं गेलं, आणि नियम मोडणारा माणूस आमच्या कुठल्याही साईटवर चालत नाही. शिकवायच्या आवारात तर नाहीच नाही. तिथलं त्याचं नाव खोडलं आणि दुसऱ्याच कुणाला घेतलं. हुक विसरणारा माणूस नव्या पोरांना काय शिकवणार, असं साहेब माझ्यासमोर म्हणाले. मी मूग गिळून बसलो.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण ऑफिसातून हुकूम आला, की ही घटना प्रत्येक साईटवर सकाळी सांगायची. 'अनुभवी माणसालाही फाजील आत्मविश्वास नडतो.' आणि मी ती सांगितली. एकदा नव्हे, कितीतरी सकाळी, माझ्या खणखणीत आवाजात. एकदा त्याच्याबरोबर काम केलेला एक फिटर समोर उभा होता. त्यानं तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली आणि माझं बोलणं अर्धवट सोडून निघून गेला. एरवी मी त्याची खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी कुठल्या तोंडानं काढणार?

पावसाळा सरल्यावर सासूबाईंच्या माहेरच्या एका दाखल्यासाठी वेल्ह्याला तहसील कचेरीत गेलो होतो. परतताना एसटीच्या थांब्यावर तो दिसला, काठी टेकून उभा. मी काय केलं असेल? शेजारच्या मोबाईलच्या दुकानात शिरलो. दुकानदार काय पाहिजे म्हणाला तर एक कव्हर घेतलं, माझ्या फोनला बसतं की नाही तेही बघितलं नाही. गाडी गेल्यावर बाहेर आलो. तर गाडी गेली होती आणि तो तिथंच होता, खांबाला टेकून. त्यानं मला आत शिरतानाही पाहिलं असणार. त्यानं हात केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हटलं, "दादा, चला, माझ्या गाडीवर सोडतो."

धरणाच्या कडेनं गुंजवण्यापर्यंत मागे बसून तो भाताबद्दल बोलत होता. भावानं लावलं, यंदा बरं आलंय म्हणत होता. माझ्याकडून 'हो' आणि 'हां' याच्यापलीकडे काही निघत नव्हतं. घरी पोचल्यावर त्याच्या बायकोनं चहा टाकला. मी ओसरीवर बसलो, तो पाय लांब करून बसला. वहिनी चहा घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सायेब, यवढी वर्सं ह्यांनी कवा हुक सोडला न्हाई. त्याच दिवशी कसा इसरले वो? तुमी तर तिथंच व्हता."

दादा मान खाली घालून बशीत चहा ओतत होता.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, ते विसरले नाहीत. तारच नव्हती. मी ती सासरवाडीला यात्रेला दिली होती. त्यांनी विचारलं होतं मला. मीच चढवलं त्यांना. आणि विसरलो म्हणून सांगा, हेही मीच सांगितलं."

मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "ठावं हाय मला. दवाखान्यातच सांगितलं ह्यांनी. म्हनले, आपुन बोलायचं न्हाई, सायेब आपल्या तोंडानं बोलतील. आमी तवापास्नं वाट बगतोय."

मग ती खाली बसली आणि तिनं सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आता हापिसात कवा सांगताय?"

"सोमवारी," मी म्हटलं.

सोमवारी मी खरंच पुण्याला गेलो. साहेबांच्या खोलीत उभं राहून तार कुठं होती ते सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "लेखी द्या. लेखी दिलंत तर त्याचं नाव साफ होईल, आवारातही घेता येईल. पण मग तुमच्या सहीचं काय करायचं ते वर ठरेल, माझ्या हातात नाही." आणि कोरा कागद पुढे सरकवला. मी तो उचलला आणि म्हटलं, घरी नीट लिहून आणतो. हस्ताक्षर खराब आहे माझं. असं म्हणालो मी, हस्ताक्षर खराब आहे.

आठ दिवसांनी दादाचा फोन आला. आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग हळूच म्हणाला, "सायेब, काय झालं त्येचं?"

लेखी काहीच दिलं नव्हतं. बायकोला अजून काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, साहेब रजेवर आहेत. आले की देतो."

तो म्हणाला, "व्हय का. मोठी मानसं जात्यात रजेवर. असू द्या, सायेब."

त्याला कळलं होतं. त्यानंतर त्यानं फोन केला नाही. कागद अजून कोराच आहे.