व्याह्यांशी वाद

व्याह्यांशी वाद घालायचा म्हणजे हात बांधून कुस्ती खेळणं. आवाज चढवता येत नाही, तुम्हाला यातलं काही कळत नाही असंही म्हणता येत नाही. माझे व्याही करंजाड्यात राहतात, मूळचे खाडीकाठचे शेतकरी. शहर वसवताना सरकारने त्यांची जमीन घेतली आणि बदल्यात मिळालेल्या भूखंडावर त्यांनी इमारत बांधली. मी साताऱ्याकडचा, आता कामोठ्यात, जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला. रविवारी ते जिताडा घेऊन यायचे आणि मासा शिजेपर्यंत आम्ही एकमेकांना 'तुमचं बरोबर आहे, पण' म्हणत बसायचो.

माझं म्हणणं, उपचाराचा खर्च सरकारने करावा, अगदी सगळ्यांचा. वांगी पसंत पडली नाहीत तर पुढच्या गाडीवर जाता येतं. कळा सुरू झालेल्या बाईने भाव विचारत कुठे फिरायचं? त्यांचं म्हणणं, दुकानदाराला गिऱ्हाईक जाण्याची धास्ती असते, सरकारी माणसाला कशाची? आणि ज्यांनी शेत घेतलं त्यांच्या हाती घरचं माणूस द्यायला ते तयार नव्हते. हे ऐकलं की मी कांदा चिरायला उठायचो.

मग मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे दवाखाना ठरवायचा मान माझा. पण बाळ त्यांच्या घरचं. सरकारी की खाजगी, हा विषय कोणी तोंडातून काढेना. दिवस भरत आले तसा मुलीचा जीव टांगणीला लागला. बाळंतपण कुठे होणार हेच तिला माहीत नव्हतं, आणि आम्ही दोघं मासा किती ताजा आहे यावर बोलत होतो.

शेवटी व्याह्यांचं मन मोडायला नको म्हणून मी एका खाजगी रुग्णालयात तिचं नाव घालून आलो. रविवारी मी ते सांगणार, तेवढ्यात व्याहीच म्हणाले की माहेरचा शब्द मोडायचा नाही, म्हणून ते सरकारी रुग्णालयात जाऊन आले, बाळंतिणींच्या माणसांशी बोलले, आणि तिथे चांगलं आहे. मग मी माझं सांगितलं.

मुलगी आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "पप्पा, तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसा. माझं मी ठरवते."

तिने सरकारी रुग्णालय निवडलं. तपासणीपुरती ती आधीपासून तिथेच जात होती. तिथल्या एका सिस्टरने तिची सगळी भीती नीट ऐकून घेतली होती आणि तिला ती सिस्टर जवळ हवी होती. बाजार आणि सरकार तिने मध्ये आणलेच नाहीत. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडी लाजही.

नात झाली. दोघीही सुखरूप. सिस्टर दुपट्यातलं बाळ घेऊन बाहेर आली तेव्हा मी व्याह्यांना पुढे केलं. त्यांनी बाळाला दोन्ही हातांत घेतलं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "जमीन गेली तवापासून सरकारनी पयल्यांदाच कायतरी हातान दिलं."

बाळ सरकारने दिलेलं नव्हतं, हे मला सहज दाखवून देता आलं असतं. मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे," आणि त्या दिवशी पुढे 'पण' जोडला नाही.